‘ओके’ रणांगणावर जन्मला नाही

‘ओके’ म्हणजे ‘झीरो किल्ड’. अमेरिकेच्या यादवी युद्धात छावणीवर परतलेली तुकडी फळ्यावर शून्य काढायची आणि पुढे ‘के’ लिहायची. अर्थ असा की आज एकही जवान पडला नाही, सगळं ठीक आहे. ही गोष्ट सामान्यज्ञानाच्या तासाला सांगितली जाते, व्याख्यानात टाळ्या मिळवते आणि व्हॉट्सॲपवर पुन्हा पुन्हा येऊन थडकते. ऐकायला छान आहे, पण साफ खोटी आहे. आणि खरं काय ते अभ्यासकांनी साठेक वर्षांपूर्वीच पुराव्यानिशी मांडून ठेवलंय.

आधी तारखा पाहू. यादवी युद्ध १८६१ मध्ये सुरू झालं आणि १८६५ मध्ये संपलं. ‘ओके’ छापलेला सापडतो तो २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये, म्हणजे युद्धाच्या बावीस वर्षं आधी. लेक आईच्या आधी जन्माला येत नाही. एवढ्यावर हा विषय संपायला हवा, पण संपत नाही, म्हणून पुढचं सांगावं लागतं.

त्या अंकात एका मंडळाच्या सहलीबद्दल गमतीचा मजकूर आहे. त्यात ‘ओ.के.’ ही अक्षरं येतात आणि लगेच, आडव्या रेघेनंतर, खुलासा येतो : ‘ऑल करेक्ट’. आता ‘ऑल’ सुरू होतो ‘ए’ने आणि ‘करेक्ट’ ‘सी’ने. मग ‘ओ’ आणि ‘के’ कुठून आले? त्या सुमारास बॉस्टनच्या वृत्तपत्रांत मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरायची टूम निघाली होती. ‘ऑल राइट’चंही तसंच ‘ओ.डब्ल्यू.’ केलं जायचं. ती सगळी लघुरूपं विरली, ‘ओके’ तेवढा टिकला.

तो टिकला तो राजकारणामुळे. १८४० च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते. त्यांचं गाव न्यूयॉर्क राज्यातलं किंडरहूक, म्हणून टोपणनाव ‘ओल्ड किंडरहूक’. समर्थकांनी ‘ओ.के. क्लब’ काढला. विरोधकांनी उलटा वार केला : व्हॅन ब्युरेन यांचे गुरू अँड्र्यू जॅक्सन यांना धड स्पेलिंग येत नाही, तेच कागदांवर ‘ओ.के.’ खरडायचे. हा निव्वळ प्रचार होता, पण आजही काही जण तो इतिहास म्हणून सांगतात. व्हॅन ब्युरेन हरले, शब्द मात्र देशभर पोचला. पुढे तारयंत्रावर संदेश मिळाल्याची पोच म्हणून हीच दोन अक्षरं वाजू लागली.

हा सगळा माग कोलंबिया विद्यापीठाचे ॲलन वॉकर रीड यांनी जुनी वृत्तपत्रं चाळून काढला आणि १९६३-६४ मध्ये ‘अमेरिकन स्पीच’ या नियतकालिकात लेखमालेने मांडला. शंका असेल त्याने ती लेखमाला वाचावी. ॲलन मेटकाफ यांचं २०१० मधलं या एकाच शब्दावरचं पुस्तकही आहे.

बाकीचे दावे थोडक्यात.

चॉक्टॉ या आदिवासी भाषेतला ‘ओके’ : राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा यावर विश्वास होता, ते स्पेलिंगही तसंच करायचे. पण त्या भाषेतून हा शब्द बॉस्टनच्या छापखान्यापर्यंत पोचल्याचा दुवा मिळालेला नाही.

ग्रीक ‘ओला काला’ आणि पश्चिम आफ्रिकेतल्या वोलोफ भाषेतला ‘वाव के’ : उच्चार जुळतो, पुरावा जुळत नाही.

‘ओके’ हे ‘ओकाय’चं लघुरूप : बरोबर उलट. आधी दोन अक्षरं आली, चार अक्षरी स्पेलिंग नंतर त्यावरून घडलं.

‘ऑब्जेक्शन किल्ड’ : याला कसलाच आधार नाही.

‘हॉर्न ओके प्लीज’मधला ‘ओके’ : कुणी युद्धकाळातल्या रॉकेलवर चालणाऱ्या ट्रकचं नाव घेतं, कुणी साबणाच्या जाहिरातीचं. ठोस कागद कुणीच दाखवत नाही. नक्की आहे ते एवढंच की विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळतं म्हणून महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने २०१५ मध्ये ही अक्षरं लिहायला मनाई केली.

‘ओके’ खरोखरच आद्याक्षरांतून आला, हा अपवाद आहे. त्यावरून प्रत्येक इंग्रजी शब्द फोडत बसणं चूक. आद्याक्षरं जोडून शब्द बनवायची पद्धत मुख्यतः विसाव्या शतकातली. ‘रडार’ आणि ‘लेझर’ तसे बनले. ‘न्यूज’ मात्र चार दिशांपासून झालेला नाही, तो ‘न्यू’चं अनेकवचन आहे. ‘पेन’ लॅटिनमधल्या पिसावरून आला. ‘कॉम्प्युटर’ हा यंत्र येण्याआधी तीनेकशे वर्षं आकडेमोड करणाऱ्या माणसासाठी वापरात होता. ‘गोल्फ’मध्ये ‘स्त्रियांना बंदी’ शोधणाऱ्यांनी १४५७ चा स्कॉटलंडचा कायदा पाहावा, त्यात हा खेळ याच नावाने आहे आणि बंदी सगळ्यांनाच आहे.

मूळ कळलं म्हणून शब्दाचे सगळे अर्थ कळतात असंही नाही. ‘फाइल ओके केली’मध्ये मंजुरी आहे, ‘सिनेमा ओके होता’मध्ये नाराजी आहे, चित्रीकरणात ‘शॉट ओके’ म्हणजे पुन्हा घ्यायला नको. २०२२ मध्ये आमदार शहाजीबापू पाटील यांच्या फोनवरच्या बोलण्यातून ‘ओकेमध्ये’ घराघरांत गेलं, तेव्हा या शब्दाला चक्क मराठी प्रत्यय लागला होता. हे अर्थ बोलणाऱ्यांनी घडवले, बॉस्टनच्या संपादकाच्या ते ध्यानीमनीही नव्हते.

शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. मुलांना ‘झीरो किल्ड’ सांगू नका. १८३९ चा अंक आणि १८४० ची निवडणूक सांगा, मुलं तीही तितक्याच आवडीने ऐकतील. आणि कुठल्याही शब्दाची जन्मकथा समोर आली की एक प्रश्न विचारायला शिकवा : हा शब्द पहिल्यांदा छापलेला कधी सापडतो? बहुतेक बनावट गोष्टी या एका प्रश्नावरच उघड्या पडतात.