लॅपटॉप म्हातारा झालाय? विकायची घाई नको!

दादाचा जुना लॅपटॉप तुमच्या वाट्याला आलाय? १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० लागतं, जुन्या मशीनमध्ये ते असेलच असं नाही. मग काय, घरी नव्या लॅपटॉपसाठी हट्ट धरायचा? त्याआधी लिनक्स मिंट वापरून बघा.

ही ऑपरेटिंग सिस्टीम फुकट आहे, तीही कायदेशीर! क्रॅक, अॅक्टिव्हेशनची भानगडच नाही. मेन्यू, टास्कबार विंडोजसारखाच, त्यामुळे हात लगेच बसतो. रॅम कमी असेल तर ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्या. किमान २ जीबी लागते, ४ असेल तर उत्तम. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस आधीच टाकलेलं असतं. अपडेट कधी करायचं, हेही तुम्हीच ठरवता.

सगळ्यात भारी म्हणजे इन्स्टॉल न करता ट्राय करता येतं. रुफससारख्या टूलने पेन ड्राइव्ह तयार करा, त्यावरून लॅपटॉप सुरू करा. वायफाय, आवाज, कॅमेरा चालतोय का बघा. नाही पटलं? पेन ड्राइव्ह काढा, विंडोज जसंच्या तसं!

पण फोटोशॉप, प्रीमियर, एमएस ऑफिस यावर थेट चालत नाही. प्रोजेक्टला तेच लागत असेल तर दोन्ही सिस्टीम एकाच मशीनवर ठेवता येतात. फक्त इन्स्टॉल करण्याआधी बॅकअप घ्याच.

आणि हो, १९९१मध्ये लिनक्सचा गाभा जगासमोर आणणारा लिनस टोरवाल्ड्स तेव्हा हेलसिंकीत शिकत होता. वय? फक्त २१!