गाडी रात्री कुठे उभी राहते?

विजेची गाडी घ्यायचा विषय निघाला की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो : वाटेत चार्जिंग मिळेल का? प्रश्न रास्त आहे. पण तो पेट्रोलच्या सवयीतून आलेला आहे. पेट्रोल घरात साठवायची सोय नाही, म्हणून ते रस्त्यावर भरायचे आणि पाच मिनिटांत पुढे निघायचे, हे आपल्या अंगवळणी पडले. वीज मात्र आधीच दारापर्यंत आलेली आहे. तेव्हा अगोदर विचारायला हवे ते हे, की गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथे विजेचा बोर्ड आहे का.

टांग्याच्या काळातली व्यवस्था आठवून पाहावी. गावातल्या टांग्याचा घोडा रात्री तबेल्यात वैरण खाई आणि सकाळी निघे. पुण्याहून महाबळेश्वरला जाणाऱ्या डाकेच्या टांग्याला मात्र टप्प्याटप्प्यावर घोडे बदलावे लागत. रोजची गरज वेगळी, लांबच्या वाटेची वेगळी. विजेच्या गाडीचा हिशेबही असाच दोन भागांत मांडावा लागतो.

आधी रोजची गरज. महिन्याला १००० किलोमीटर, म्हणजे दिवसाला ३३ किलोमीटर धरू. लहान मोटार एका युनिटमागे साधारण ७ किलोमीटर चालते असे मानले, तर रोज ५ युनिटेही लागत नाहीत. गिझरला लागते तसल्या, १५ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला सुमारे ३ युनिटे घेता येतात. म्हणजे काम दोन तासांचे, आणि हाताशी असते पूर्ण रात्र. स्कूटरला तर याहून पुष्कळ कमी वीज पुरते. एक पथ्य मात्र पाळावे. महिन्याची ही १४० युनिटे घरच्याच मीटरवर आली, तर एकूण वापर वरच्या दराच्या टप्प्यात जातो. त्यासाठी वेगळी जोडणी मागता येते. केंद्राच्या वीजग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ती सोय दिली आहे.

आता लांबची वाट. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी ३०.२ युनिटांची होती. चाचणीतला प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर. पण आपला ७ किलोमीटरांचा हिशेब लावला तर तो सुमारे २१० भरतो. मुंबईहून पुण्याला १५० किलोमीटर जायला साडेएकवीस युनिटे लागतील. वाटेत बोरघाट आहे. दीड टनाची गाडी साडेपाचशे मीटर वर चढवायची, तर शाळेत शिकलेल्या सूत्राने सव्वादोन युनिटे निव्वळ चढाला लागतात. मोटरमधली गळती धरून अडीच. उलट येताना उतारावर मोटरच जनित्र होते आणि यातला काही भाग बॅटरीत परत जातो. गंमत म्हणजे याच घाटाच्या उंचीवर १९१५ पासून टाटांचे खोपोलीचे वीजकेंद्र चालते. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी खाली उतरताना जे देते, तेच गाडी वर चढताना मागते.

एकूण २४ युनिटे झाली. गाडी पुण्याला पोचली, पण बॅटरीत उरली सहा. मुक्कामी बोर्ड मिळाला तर सकाळपर्यंत काम होते. नाही मिळाला तर जलद चार्जर शोधायचा. तो अर्ध्या-पाऊण तासात बरीच बॅटरी भरतो. परंतु ८० टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी वेग उतरतो. शिवाय तुमच्या आधी दोन गाड्या उभ्या असल्या, तर वेळ तिप्पट. म्हणून महामार्गावर जलद चार्जर हवेतच, पण ते डाकेच्या घोड्यांसारखे, प्रवासापुरते. रोज त्यांच्यावर विसंबणे वेळेलाही महाग आणि खिशालाही.

एवढ्यावर बंगलेवाल्यांचा प्रश्न सुटतो. चाळीतल्या, जुन्या वाड्यातल्या, रस्त्याकडेला गाडी लावणाऱ्या माणसाचा सुटत नाही. केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधींत दुरुस्ती करून वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेइतकी चार्जिंगची तजवीज सुचवली. पण ती नव्या बांधकामासाठी. जुन्या सोसायटीत मीटर एका टोकाला, गाडीची जागा दुसऱ्या टोकाला. मधल्या केबलचा खर्च कोणी करायचा, इमारतीचा मंजूर भार पुरेल का, आग लागली तर जबाबदार कोण, यावर सभा रंगतात आणि विषय पुढच्या सभेवर जातो. यातली भीती अगदीच निराधार नाही. जुन्या वायरिंगवर तासन्‌तास भार टाकणे आणि खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड सोडणे खरोखरच धोक्याचे आहे. उपाय सरळ आहे : स्वतंत्र सर्किट, नीट अर्थिंग, गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर आणि भाराची तपासणी. हे सगळ्यांसाठी एकदम केले तर माणशी खर्चही कमी येतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या स्कूटरवाल्याला काढून घरी नेता येणारी बॅटरी उपयोगी पडते. रिक्षावाल्याला बॅटरी बदलून देणारे केंद्र. गल्लीतल्या दुकानदारालाही चार्जिंगची सोय काढता येईल. चार्जिंग ही सेवा आहे, वीजविक्री नव्हे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्यामुळे त्यासाठी वीजपुरवठ्याचा परवाना लागत नाही.

महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोलमाफी आहे. ती चांगलीच; पण तिचा लाभ मुख्यतः ज्यांची मोटार आधीच स्वतःच्या जागेत उभी राहते त्यांना. ज्यांना रोजच्या पेट्रोलचा खर्च खरोखर जाचतो, त्यांची दुचाकी किंवा रिक्षा रात्री उघड्या रस्त्यावर असते. महापालिकांनी रस्त्याकडेच्या वाहनतळावर जलद नव्हे, साधेच, रात्रभर चालणारे मीटरसहित सॉकेट दिले, तर ही स्वस्त वीज त्यांच्यापर्यंत पोचेल. शहरात किती चार्जिंग स्टेशने झाली हा आकडा वर्तमानपत्रात येतो. त्याच्याशेजारी आणखी एक आकडा छापून यावा : रात्री उभ्या राहणाऱ्या किती गाड्यांच्या हाताशी सॉकेट आहे.