झिजलेल्या सांध्यांसाठी डेन्मार्कचा ‘ग्लॅड’ उपक्रम

सांध्यातील हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत कूर्चा झिजून सांधा दुखू लागतो व आखडतो, त्या विकाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. त्यावर व्यायाम, रुग्णशिक्षण आणि गरजेनुसार वजन घटवणे हेच पहिले उपचार होत, असे वैद्यकीय मार्गदर्शक सूत्रे सांगत असली, तरी प्रत्यक्षात असंख्य रुग्णांच्या वाट्याला वेदनाशामक गोळ्या आणि शस्त्रक्रियेची प्रतीक्षा एवढेच येत असे. ही दरी बुजवण्यासाठी सदर्न डेन्मार्क विद्यापीठातील एवा रूस आणि सोरेन स्को यांनी २०१३ मध्ये ‘ग्लॅड’ हा उपक्रम सुरू केला.

यात नवे औषध नाही. ठाऊक असलेला उपचार ठरलेल्या पद्धतीने रुग्णापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था आहे. खास प्रशिक्षण घेतलेले फिजिओथेरपिस्ट आधी विकाराचे स्वरूप समजावतात आणि मग सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, देखरेखीखाली व्यायाम करून घेतात. हा व्यायाम ताकदीइतकाच हालचालीवरचा ताबा वाढवणारा असतो. म्हणून खुर्चीतून उठताना वा पायरी चढताना गुडघा आत न झुकता खुबा आणि पाऊल यांच्या रेषेत राहतो की नाही, यावर लक्ष ठेवले जाते. वेदना किती होते, हे रुग्ण शून्य ते दहा या मापावर स्वतः सांगतो: पाचापर्यंतची वेदना चालते, मात्र ती चोवीस तासांत पूर्वपदावर यायला हवी, अन्यथा पुढचा व्यायाम हलका केला जातो. हालचालीने सांधा आणखी झिजेल ही भीती या साध्या नियमाने ओसरते, आणि उपक्रमाचे खरे बळ तेथेच आहे.

प्रत्येक रुग्णाची नोंद आरंभी, तीन महिन्यांनी व वर्षाने होते, आणि या नोंदींत वेदना सरासरीने सुमारे एक चतुर्थांश घटलेली दिसते. नोंदवहीत तुलनेचा गट नसतो, ही मर्यादा मात्र गंभीर आहे. पुढे एका डॅनिश चाचणीत सांध्यात केवळ सलाइन टोचलेल्या रुग्णांनाही जवळजवळ व्यायाम करणाऱ्यांइतकाच आराम पडला.

शस्त्रक्रियेशी तुलना करणारी स्को व सहकाऱ्यांची चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. गुडघा बदलण्यास पात्र ठरलेल्या १०० रुग्णांपैकी शस्त्रक्रिया झालेल्या गटाची वेदना अधिक कमी झाली, पण गंभीर गुंतागुंतही त्याच गटात अधिक होती. व्यायामासह बिगरशस्त्रक्रिया उपचार घेणाऱ्यांपैकी केवळ सुमारे एक चतुर्थांश रुग्णांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतली. शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी या दोन्ही बाजू रुग्णापुढे मांडल्या जाव्यात आणि देखरेखीखालच्या व्यायामाची संधी त्याला मिळावी, एवढी जबाबदारी कोणत्याही आरोग्यव्यवस्थेने घेतलीच पाहिजे.