पहाऱ्यावरचे शून्य

पूल म्हटले की आपल्यासमोर नदी येते, दगडी कमानी येतात. संगणकांच्या दुनियेतही पूल असतो. त्याला ते लोक ब्रिज म्हणतात. मात्र आपण आहोत हे कोणाला कळूही न देणे, हाच त्याचा गुण. दोन तारांच्या मध्ये तो बसतो, एका बाजूने आलेले माहितीचे पाकीट उचलतो आणि दुसऱ्या बाजूला ठेवतो. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेला एक क्रमांक पाकिटावर असतो, तेवढाच तो वाचतो. कोणता क्रमांक कोणत्या बाजूला राहतो हे बघून बघून शिकतो, आणि एखादा क्रमांक पाच मिनिटे गप्प राहिला तर त्याला विसरूनही जातो. मी पस्तीस वर्षे बँकेत काढली. आमच्या डिस्पॅचमध्ये असा एक माणूस असता तर त्याला कोणी बदली मागू दिली नसती!

असा पूल डोंबिवलीच्या एका दोन खोल्यांच्या, माफ करा, आता तीन खोल्यांच्या घरात कशाला हवा, असे वाचक विचारतील. त्यासाठी २०१६ सालच्या ऑक्टोबरकडे जावे लागेल. त्या महिन्याच्या २१ तारखेला अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स अशा बड्या सेवा काही तास कोलमडल्या. हल्ला झाला होता डिन नावाच्या कंपनीवर, आणि हल्लेखोरांची फौज होती घराघरांतले कॅमेरे आणि रेकॉर्डर यांची! मिराई नावाच्या एका प्रोग्रॅमने इंटरनेटवर उघडी पडलेली ही यंत्रे शोधली आणि कारखान्यातून येतात तसेच ठेवलेले साठेक पासवर्ड लावून बघत लाखांवर यंत्रे ताब्यात घेतली. त्यांच्या मालकांना पत्ताही नव्हता.

ही बातमी मी वाचली तेव्हा आमच्या घरात नुकताच एक कॅमेरा आला होता. आईसाठी. ती तेव्हा पंच्याऐंशीची. रात्री उठली की कधी भिंतीचा आधार सुटायचा, आणि हाक मारायची नाही. आम्हाला जागे करायला नको म्हणून. पलीकडच्या खोलीतून फोनवर नुसते बघता यावे एवढ्यासाठी दोनेक हजारांचा तो कॅमेरा तिच्या कपाटावर बसवला. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "हे घराबाहेर कुणाला दिसतं का रे?" मी म्हटले, "नाही, आई. घरातल्या घरात."

हे वाक्य खरे राहावे ही व्यवस्था माझ्या भाच्याने केली. लॅमिंग्टन रोडवरून (ज्याचे खरे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे आणि ते टॅक्सीवाल्याला सांगून उपयोग नसतो) आम्ही एक वापरलेला मदरबोर्ड, दोन नेटवर्क कार्डे आणि एक पत्र्याचा डबा आणला. त्यावर लिनक्स चढवले. इंटरनेट कंपनीचा राउटर एका बाजूला, घरातले सगळे वायफाय दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आमचा असेंबल केलेला पूल. दुसरा राउटर न ठेवता पूलच का? तर पुलामुळे घरातल्या एकाही यंत्राचा पत्ता बदलावा लागत नाही. टीव्हीला, फोनला काही सांगावे लागत नाही. या पुलावर फायरवॉलचा पहारा बसवला. कॅमेऱ्याला एक कायमचा पत्ता दिला आणि पहारेकऱ्याला हुकूम दिला: या पत्त्याने घरातल्यांशी खुशाल बोलावे, बाहेर जाणारे त्याचे प्रत्येक पाकीट केराच्या टोपलीत.

आणि टोपलीत किती पाकिटे पडली याचा आकडा पहारेकरी राखतो. मला या सगळ्या प्रकारात आवडली ती हीच गोष्ट. दर शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन मी त्या डब्याच्या जुन्या मॉनिटरपुढे बसायचो आणि आकडा डायरीत उतरवायचो. कॅमेरा मोठा चिवट. कोणी बोलावलेले नसताना आपल्या कारखानदाराला दर मिनिटाला हाक मारायचा. आठवड्याला हजारो पाकिटे टोपलीत जायची. बायको म्हणायची, "बँक सुटली, पण टॅली सुटली नाही."

२०१७ सालच्या भाऊबीजेला बहीण माहेरी आली, बरोबर भाचा. फराळ झाल्यावर त्याने डब्यावर डेबियन नावाच्या लिनक्सची त्याच वर्षी आलेली नववी आवृत्ती चढवली. डबा बंद होऊन सुरू झाला, इंटरनेट आले, सगळे खुशीत. पुढच्या शनिवारी आकडा होता शून्य. त्याच्या पुढच्या शनिवारीही शून्य.

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, शून्य म्हणजे चांगलंच की. कॅमेऱ्यालाही नवं सॉफ्टवेअर आलं असेल, सुधारला असेल."

"अरे, मुंबईतल्या शाखेत आठवडाभर एकही चेक परत गेला नाही, तर आम्ही पेढे वाटत नसू. पासिंगला कोण बसलंय ते बघायला जात असू."

तो रविवारी आला. आधी हुकूमनामा तपासला. प्रत्येक ओळ जागच्या जागी होती, कॅमेऱ्याचा पत्ताही बरोबर. पहारेकरी जागेवर, हातात हुकूम, आणि टोपली रिकामी. मग मी माझी बँकेतली रीत सुचवली: एक वही जमत नसेल तर तिच्याशी भांडत बसू नये, शेजारची वही उघडावी. पुलाच्या दोन्ही टोकांना आपापले आकडे असतात. ते लाखांनी वाढत होते. म्हणजे पुलावरून वाहतूक रग्गड, आणि पहारेकऱ्याच्या वहीत एकही नोंद नाही. ना अडवल्याची, ना सोडल्याची. तिथेच प्रकरण फुटले. अडवणाऱ्याचा आकडा शून्य असणे एक वेळ समजेल. सोडल्याचाही शून्य म्हणजे त्याच्यासमोरून कोणी जातच नाही.

भाच्याने टीसीपीडम्प हे हत्यार काढले. तारेवरून जाणारी पाकिटे ते नुसते वाचून दाखवते. आतल्या कार्डावर कॅमेऱ्याचे पाकीट आले. क्षणार्धात तेच बाहेरच्या कार्डावरून गेले. मिनिटाने आणखी एक. आतला मजकूर कुलूपबंद, पण पाकिटे कधी छोटी, कधी चांगली जाडजूड. आई पलीकडे दुपारची झोपली होती. मी उठून आधी कॅमेऱ्याची वायर काढली.

कारण समजायला संध्याकाळ झाली. पूल काम करतो तळमजल्यावर, यंत्रांच्या क्रमांकांवर. नेटफिल्टरचा पहारेकरी, जो २००१ साली लिनक्सच्या २.४ आवृत्तीबरोबर आला, तो बसतो वरच्या मजल्यावर, जिथे इंटरनेटचे पत्ते वाचतात. पुलावरचे पाकीट वर जायचे कारणच नसते. पूर्वी अशी सोय होती की पूल बांधला की त्याची पाकिटे आपोआप वर दाखवून आणली जात. डिसेंबर २०१४ मध्ये आलेल्या ३.१८ या आवृत्तीपासून ही वर नेण्याची यंत्रणा वेगळी काढली. ब्रिज नेटफिल्टर नावाचा तो स्वतंत्र भाग मागितला तरच चढतो. ज्याला नुसता पूल हवा त्याला या हेलपाट्याचा भुर्दंड कशाला, हा विचार काही चुकीचा म्हणता येत नाही. आमचा जुना डबा ३.१६ वर होता, नवा ४.९ वर. जिना काढून घेतला होता आणि वरच्या मजल्यावर पहारेकरी इमानाने बसून होता. खूणही होती, पण कुणी बघावी अशा जागी नव्हती: ज्या कप्प्यात या जिन्याचे बटण असते, तो कप्पाच प्रणालीत दिसत नव्हता.

याच्या उलट झाले असते तर? पहारेकऱ्याने सगळेच अडवले असते, तर टीव्ही बंद पडताच पाचव्या मिनिटाला घरात आरडाओरडा झाला असता. बंद दरवाजा बोंब मारतो. सताड उघडा पडलेला दरवाजा कोणाची तक्रार येऊ देत नाही, कारण सर्वांचे काम छान चालू असते. बँकेतली मोठी प्रकरणे मी पाहिली ती अशाच शांत, कौतुकाच्या शाखांतली.

दुरुस्ती दोन ओळींची. तो भाग चढवला आणि डबा सुरू होताना ज्यांना हजेरी लावावी लागते त्या यादीत त्याचे नाव घातले. बटण कप्प्यात हजर झाले, त्यावर १ लिहिलेला. कॅमेरा पुन्हा जोडला. आकडा ०, मग ३, मग ११. भाचा उठायला लागला. मी त्याला बसवले आणि डब्याची वीज घालवली. चालू यंत्रावर केलेली दुरुस्ती वीज जाऊन आल्यावर टिकते की नाही हे आमच्या भागात तरी आधीच बघून ठेवावे. डबा उठला, आकडा पुन्हा चढू लागला.

तेव्हापासून आम्ही दर शनिवारी मुद्दाम एक चोर पाठवतो. मनाई असलेल्या एका खोट्या पत्त्यावरून पुलापलीकडे दहा पाकिटे सोडायची आणि टोपलीत दहा वाढले का बघायचे. अवेळी येऊन रोकड मोजणारा तपासनीस असतो ना, तसेच. आता नव्या प्रणालीत पहारेकरी थेट पुलावरच बसवता येतो, आणि २०१९ सालच्या ५.३ आवृत्तीपासून कोणाचे बोलणे कोणी सुरू केले हेही त्याला तिथे लक्षात ठेवता येते. मात्र तिथे सरसकट बंदी करून निवडक परवाने देणाऱ्यांनी एआरपीला विसरू नये. पत्त्यावरून यंत्राचा क्रमांक विचारणारी ती हाक अडवली तर जुन्या ओळखीवर घर काही मिनिटे चालते आणि मग एकेक यंत्र मुके होते. माणूस तोवर शाबासकी घेऊन निघून गेलेला असतो.

आईला मी त्याच संध्याकाळी सांगितले. दोन आठवडे कॅमेरा बाहेर बोलत होता, काय बोलत होता ते वाचता येत नाही, आता बंद केले आहे. तिने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "त्याचं तोंड फिरव. माझ्या पलंगाकडे नको. मोरीच्या दाराकडे कर. मी उठले की तिथूनच जाते, तेवढं दिसलं की तुमचं काम झालं." भाच्याने स्टुलावर चढून कॅमेरा वळवला. चित्रात पलंगाची एक कडा, फरशीचे चार तुकडे आणि दार एवढेच येत होते. तिने फोन हातात घेऊन, चष्मा लावून, ते स्वतः बघितले आणि आणखी थोडा डावीकडे करायला लावला.