गमावलेली पत आणि ती परत मिळविण्याचा मार्ग

माणसाची पत एके काळी गावच्या सावकाराच्या आणि वाण्याच्या वहीत नोंदलेली असे. वेळेवर पैसे परत करणाऱ्यास पुन्हा उधारी मिळे. बुडविणाऱ्यास दुकानाची पायरी चढणे अवघड होई. आज ही वही पतमाहिती कंपन्यांकडे आहे. या कंपन्यांचे नियमन करणारा कायदा २००५ साली संमत झाला. रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली देशात अशा चार कंपन्या काम करतात. त्यांपैकी २००० साली स्थापन झालेल्या ‘सिबिल’चे नाव सर्वपरिचित आहे. बँका व वित्तसंस्था कर्जाची आणि परतफेडीची माहिती या कंपन्यांना कळवितात. तिच्या आधारे कर्जदारास ३०० ते ९०० या दरम्यान गुणांक मिळतो.

तडजोड म्हणजे संपूर्ण परतफेड नव्हे

समजा, एका शिक्षकाने घरातील आजारपणाचा खर्च क्रेडिट कार्डावर केला आणि पुढे रक्कम थकली. थकबाकी ९० दिवसांहून अधिक काळ राहिली, की बँकेच्या लेखी ते खाते अनुत्पादक ठरते. व्याजासह बाकी एक लाख रुपये झाली आणि बँकेने साठ हजारांवर तडजोड मान्य केली. कर्ज फिटले, असे शिक्षकाने मानले. काही वर्षांनी घरासाठी केलेला अर्ज मात्र नामंजूर झाला. कारण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा होता. तडजोडीने वसुलीचा तगादा थांबतो. परंतु बँकेला सोसावे लागलेले नुकसान नोंदीत राहते. संपूर्ण रक्कम भरली असती, तर खाते ‘क्लोज्ड’ असे नोंदले गेले असते. त्याचप्रमाणे बँकेने कर्ज निर्लेखित केले, म्हणजे ते माफ झाले असेही नव्हे. येणे कायमच राहते.

प्रथम अहवाल पाहावा

प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळविण्याचा हक्क नागरिकास आहे. फेडलेले कर्ज चालू दाखविले आहे काय, दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे पडले आहे काय, हे त्यात तपासावे. आपण कोणास जामीन राहिलो असल्यास त्या कर्जाची स्थितीही पाहावी. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद २०२४ पासून लागू झाली आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडेही दाद मागता येते.

खरी थकबाकी असेल, तर ती भरून बँकेकडून बेबाकी दाखला घ्यावा. ‘सेटल्ड’ खात्याची उर्वरित रक्कम भरून नोंद बदलून देण्याबाबतही बँकेशी पत्रव्यवहार करता येतो.

ठेवीवरील कार्ड

जुनी नोंद सौम्य व्हावयाची, तर तिच्यापुढे चांगल्या नोंदी जमा व्हावयास हव्यात. पण पत नसलेल्यास नवे कर्ज कोण देणार? यावर अनेक बँकांनी मुदत ठेवीच्या तारणावर क्रेडिट कार्ड देण्याची सोय केली आहे. ठेवीच्या रकमेच्या मर्यादेत खर्चाची मुभा मिळते. ठेवीवरील व्याजही चालू राहते. अशा कार्डावर किराणा किंवा वीजबिल एवढाच खर्च करावा, मंजूर मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे सहसा जाऊ नये आणि देय तारखेपूर्वी संपूर्ण बिल भरावे. बिलावरील ‘किमान देय रक्कम’ भरून थांबणाऱ्यास उरलेल्या रकमेवर भारी व्याज पडते. अनेक कार्डांवर ते दरमहा ३ टक्क्यांहूनही अधिक असते. पैसे थकल्यास बँक ठेवीतून वसुली करते आणि अहवालावर नवा डाग पडतो. एकाच वेळी अनेक बँकांकडे अर्ज करणेही टाळावे. प्रत्येक चौकशीची नोंद होत असते.

पैसे घेऊन ‘सिबिल साफ करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थांपासून सावध राहिले पाहिजे. खरी नोंद पैसे देऊन पुसता येत नाही. चुकीची नोंद दुरुस्त करण्यास मध्यस्थाची गरज नाही. ग्रामसभेत व शाळेच्या पालकसभेत एवढी माहिती दिली गेली, तरी अडचणीतील अनेक कुटुंबांची दुसरी फसवणूक टळेल. पत एका दिवसात जात नाही, तशी ती एका दिवसात परतही येत नाही. महिन्यामागून महिना वेळेवर केलेली परतफेड हाच तिचा मार्ग होय.