उपवास ताटातला आणि व्यवहारातला

फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास ‘राखेचा बुधवार’ येतो. त्या दिवशी वसईतील चर्चमध्ये सकाळपासूनच भाविकांची रीघ लागते. आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून केलेली राख धर्मगुरू प्रत्येकाच्या कपाळावर लावतात. माणूस मातीचा आहे आणि अखेरीस मातीलाच मिळणार आहे, याचे हे स्मरण. मिस्सा संपली की हीच माणसे बाजार, कचेरी वा शेताची वाट धरतात. दुपारपर्यंत घामाने राख पुसली जाते. ती पुसल्यावर काय उरते, हा ख्रिस्ती उपवासकाळाचा खरा प्रश्न आहे.

येशूने अरण्यात केलेल्या ४० दिवसांच्या उपवासाच्या स्मरणार्थ हा काळ पाळला जातो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर दिवस ४६ भरतात. मात्र रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने परंपरेने सहा रविवार उपवासात धरले जात नाहीत. या काळात लग्नसमारंभ टाळण्याकडे कल असतो आणि शुक्रवारी ‘क्रुसाची वाट’ ही चौदा स्थानांची प्रार्थना होते.

कॅथलिक चर्चचे उपवासाचे नियम तसे सौम्य आहेत. १९८३ च्या धर्मविधी संहितेनुसार वयाची १४ वर्षे पूर्ण केलेल्यांनी ठरलेल्या दिवशी मांस वर्ज्य करावयाचे असते. सज्ञान झालेल्यांपासून साठीत पदार्पण करेपर्यंतच्या व्यक्तींना राखेचा बुधवार व गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवास बंधनकारक असतो. त्या दिवशी पूर्ण जेवण एकदाच. सकाळ-संध्याकाळी थोडेसे खाण्यास मुभा असते. प्रॉटेस्टंट पंथांमध्ये असे नियम सहसा नसतात. तेथे उपवास व्यक्तीच्या विवेकावर सोपविलेला असतो.

परंतु नियम पाळला म्हणजे उपवास घडला, असे होत नाही. मांसवर्ज्य शुक्रवारी मासळी चालते. मात्र त्या दिवशी पापलेटची मेजवानी झडली, तर नियम शाबूत राहतो आणि उपवास हुकतो. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण मराठी समाजाने उगीच घडविलेली नाही. तिचा रोख कोणत्याही धर्माच्या उपवासाला लागू पडतो.

राखेच्या बुधवारी वाचला जाणारा शुभवर्तमानाचा उताराही याच ढोंगावर बोट ठेवतो. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास या तिन्ही गोष्टी एकत्र सांगतो आणि तिन्ही लोकांना दाखविण्यासाठी करू नका, असे बजावतो. उपवास करणाऱ्याने चेहरा उतरवून हिंडू नये. तोंड धुऊन, केसांना तेल लावून नेहमीसारखे वावरावे. कपाळी राख लावण्याच्या दिवशीच हा उपदेश ऐकविला जावा, यात मोठा अर्थ आहे. खूण दिसते ती कपाळावर, पण बदल घडायचा तो जेथे कोणी पाहत नाही तेथे.

दान आणि उपवास यांचा सांधाही असाच नेमका आहे. आपण न खाल्लेला घास भुकेल्याच्या मुखी पडला पाहिजे, अशी शिकवण पाचव्या शतकात पोप पहिले लिओ यांनी दिली होती. वाचविलेला पैसा स्वतःच्याच खिशात राहिला तर ती काटकसर ठरते, उपवास नव्हे.

येथून विषय ताटाबाहेर पडतो. लूकच्या शुभवर्तमानात यरीहो नगरातील जक्कय या मुख्य जकातदाराची कथा आहे. येशू त्याच्या घरी येतो, तेव्हा जक्कय निम्मी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले असेल त्यांना चौपट परत करण्याचे वचन देतो. त्याचा पश्चात्ताप हिशेबाच्या वहीत उतरतो. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी परमेश्वराकडे आक्रोश करते, असे सांगितले आहे. शुक्रवारी मांस न खाणाऱ्या घरात मोलकरणीचा पगार दहा तारखेपर्यंत रखडत असेल, किंवा भावा-भावांचे बोलणे बांधावरून बंद असेल, तर उपवासाची सुरुवात कोठून व्हावी हे वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.

या व्यवहारात आता माती आणि पाणीही आले आहे. वसईच्या केळीच्या बागा, पानवेली आणि फुलशेती गोड्या विहिरींवर पोसली गेली. वाढत्या बांधकामांनी ही हिरवाई धोक्यात आली, तेव्हा तिच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या ‘हरित वसई’ आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो अग्रभागी होते. २०२० च्या उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या या धर्मगुरूंचे २०२४ मध्ये निधन झाले. वसईतील लढ्याचा हा धागा पुढे चर्चच्या जागतिक शिकवणीतही ठळक झाला. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढले. त्यात प्लास्टिक टाळणे, पाणी जपून वापरणे, खाता येईल तेवढेच शिजविणे, विनाकारण जळणारे दिवे मालविणे अशा साध्या कृतींचा उल्लेख आहे. कोणीही टाळ्या वाजवू नयेत, इतक्या त्या लहान आहेत. मत्तयाच्या सहाव्या अध्यायाला अभिप्रेत असलेली गुप्तता त्यांत आपोआप साधते.

अर्थात, हे सारे मांस वर्ज्य करण्यापेक्षा अवघड आहे. ताटातून एक पदार्थ वगळता येतो. जिभेवरचा कडवटपणा, वजनकाट्यातली लबाडी आणि मनातली अढी तितक्या सहज वगळता येत नाही. म्हणूनच चर्चने या साधनेला एक दिवस न देता ४० दिवस दिले आहेत. ईस्टरच्या दिवशी मांस-मच्छी पुन्हा ताटात येते. थकलेली मजुरी चुकती झालेली असेल आणि बांधावरचे बोलणे सुरू झालेले असेल, तर उपवास फळाला आला असे समजावे.