पथ्य पाळा, पण गोळी सोडू नका



ऊस लागवड, खोडवा, ठिबक, तोडणीचा कार्यक्रम हे विषय या पानांवर नेहमीच येतात. या खेपेला थोडा वेगळा विषय घेत आहोत. विषय पोटाचा आहे, आणि लाजेपायी घराघरांत दडवला जातो म्हणूनच घेत आहोत.

मध्यंतरी कामानिमित्त आम्ही दोघे पुण्याला गेलो होतो. आपल्या एका सभासदांचा धाकटा मुलगा खडकीला दारूगोळा कारखान्यात नोकरीला आहे. कारखाना जुना, १८६९ सालचा. खडकी बाजाराच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत तो राहतो. आई त्याच्याजवळ येऊन राहिली आहे. वडिलांनी निरोप दिला होता, "पोराला बघून या, जीव लागत नाही." म्हणून गेलो.

मुलगा सत्तावीस वर्षांचा. तीन वर्षांपूर्वी त्याला शौचावाटे रक्त पडू लागले. गावाकडे मूळव्याध म्हणून औषध झाले, मग आव म्हणून गोळ्या झाल्या. वर्ष त्यातच गेले. वजन अकरा किलोने उतरले. शेवटी पुण्यात दुर्बिणीने आतडे तपासले तेव्हा निदान झाले: अल्सरेटिव्ह कोलायटिस. म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन व्रण पडणे.

हे दुखणे नवे नाही. लंडनच्या सॅम्युअल विल्क्स या डॉक्टरांनी १८५९ साली त्याला हे नाव दिले. यात शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच आतड्यावर उलटते. ते एकाचे दुसऱ्याला लागत नाही. कुणाच्या हातच्या जेवणाने होत नाही. बहुधा तरुण वयात सुरू होते. औषधाने दबते, महिनेच्या महिने माणूस धडधाकट राहतो, आणि मग एकदा दुखणे पुन्हा उचल खाते. जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांना हेच दुखणे होते. त्यापायी २००७ साली त्यांना पद सोडावे लागले. २०१२ साली ते परत आले, जवळजवळ आठ वर्षे राज्य चालवले, आणि २०२० साली दुखण्याने उचल खाल्ल्यावर पुन्हा पायउतार झाले. सांगायचा मुद्दा, हे दुखणे घेऊन मोठे काम करता येते, पण त्याला विसरून चालत नाही.

आपला मुलगा नेमका तिथेच चुकला. गोळ्यांनी बरे वाटले. मग कुणीतरी सांगितले, "पोटाचं दुखणं पोटानंच बरं होतं, नुसतं पथ्य पाळ." त्याने गोळ्या बंद केल्या. ताक-भात, ताक-भात. तीन महिने ठीक गेले. मार्गशीर्षात तो गावी आला, शेतावर हुरडा झाला, आणि आठवड्यात दिवसाला आठ-दहा वेळा रक्त. पुण्यात इस्पितळात अकरा दिवस काढावे लागले. उसाच्या बिलाचा पहिला हप्ता त्यातच गेला.

वहिनी आम्हाला सांगत होत्या, "भाऊजी, हुरडा मी माझ्या हातानं भाजून दिला हो. मला वाटलं, मीच पोराला घातलं." त्यांनी हे डॉक्टरांनाही रडत सांगितले. डॉक्टर म्हणाले, "आई, हुरड्यानं कळ वाढली असेल. पण आग आधीच लागली होती, ती गोळ्या सोडल्यामुळं." ही एक गोष्ट कळली आणि त्या माउलीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

आता ते घर कसे चालते ते पाहण्याजोगे आहे. भिंतीवर कॅलेंडर. आपण त्यावर दुधाचा हिशोब लिहितो, तसा वहिनी मुलाचा हिशोब लिहितात. चौकोनात काय खाल्ले, किती वेळा जावे लागले, रक्त होते की नाही. दर महिन्याला ते पान डॉक्टरांना दाखवतात. त्यातून कळले की याला मटकीची उसळ आणि कोबी बाधतो, दूध बाधते, पण दही चालते. दुसऱ्याला दही बाधेल आणि दूध चालेल. सगळ्यांना लागू पडेल असे एक पथ्य नाही, म्हणूनच हा हिशोब हवा.

दुखणे उचल खाते तेव्हाचा त्यांचा स्वयंपाक असा: तांदळाची पेज, मऊ भात, मुगाच्या धुतलेल्या डाळीची खिचडी, साल काढून शिजवलेला दुधी किंवा बटाटा, पिकले केळे, चालत असेल तर ताजे ताक. ताकदीसाठी उकडलेले अंडे किंवा साधा शिजवलेला मासा. तीन वेळा भरपेट जेवण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे. या दिवसांत बाजूला ठेवायचे ते असे: ठेचा, कच्चा कांदा, काकडी, शेंगदाणे, तीळ, हरभरा, मटकी, पेरू, हुरडा, जाडीभरडी भाकरी, दारू. चहाही कमी. यामागे कारण साधे आहे. सुजलेल्या आतड्यावरून चोथा जितका कमी जाईल तितकी कळ आणि धावपळ कमी. पण आतली सूज नुसत्या पेजेने उतरत नाही, ती औषधानेच उतरते.

आणि हे जेवण कायमचे नाही. मुलगा हसत म्हणाला, "काका, मी वर्षभर ताक-भात खाल्ला आणि काडी झालो." सूज उतरली की भाज्या, फळे, भाकरी एकेक करून परत आणायची. चार दिवस एक पदार्थ, मग पुढचा. आता तो मऊ ज्वारीची भाकरी खातो. रक्त गेल्याने पंडुरोग होतो, स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हाडे ठिसूळ होतात. म्हणून लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना विचारावे.

आता आपल्या घरची गोष्ट. आपण साखर पिकवणारी माणसं, तेव्हा साखरेबद्दल खरं बोललं पाहिजे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी सौम्य ते मध्यम दुखण्याच्या ६६ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला निरोगी माणसाच्या मळातील जंतू दुर्बिणीवाटे आतड्यात सोडण्याचा उपचार आणि ठरावीक आहार दिला, दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. पहिल्या गटाला फायदा अधिक झाला, आणि पुढे वर्षभर तो आहार टिकवण्याचाही उपयोग दिसला. त्या आहारात गहू, दूध, लाल मांस, डबाबंद पदार्थ आणि पांढरी साखर वर्ज्य होती. पण चालू औषधे कुणी फेकून दिली नव्हती, हेही ध्यानात घ्या. तेव्हा असा रुग्ण घरी असेल तर गोड पेये आणि बर्फ घातलेला गाड्यावरचा रस त्याला आग्रहाने पाजू नका. आपला धंदा बुडत नाही त्यानं.

हीच साखर दुसऱ्या ठिकाणी जीव वाचवते. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली, तेव्हा बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचे पाणी पाजून हजारोंचे प्राण राखले. जुलाबाने पाणी कमी झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्यावे. साखर वाईट नाही आणि अमृतही नाही. वेळ आणि माप पाहिजे, जसं उसाला पाण्याचं.

आणखी चार गोष्टी प्रत्येक घराने लक्षात ठेवाव्यात.

एक, शौचावाटे रक्त दोन आठवड्यांहून अधिक दिसले तर मूळव्याध समजून गप्प बसू नये. तपासणी करून घ्यावी. आपल्याकडे आतड्याचा क्षयही असाच दिसू शकतो आणि त्याचे औषध वेगळे आहे.

दोन, दिवसाला सहा किंवा अधिक वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप किंवा छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. पेज पाजत घरी बसू नये.

तीन, कंबरदुखी-अंगदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी हे दुखणे बळावू शकते. विचारल्याशिवाय घेऊ नयेत. स्टिरॉइडच्या गोळ्या तर मनाने एकदम बंद करूच नयेत.

चार, दुखणे जुने झाले, साधारण आठ वर्षे झाली, की बरे वाटत असले तरी दुर्बिणीची तपासणी ठरल्या वेळी करावी. कर्करोगाचा धोका त्यातून वेळीच कळतो.

निघताना मुलगा डबा भरत होता. मऊ भात, वरण, दुधीची भाजी, आणि डब्याच्या झाकणावर कागदात बांधलेल्या गोळ्या. म्हणाला, "आधी डबा बघायचो काका, आता आधी गोळी बघतो." वहिनींनी कॅलेंडरवर त्या दिवसाचा चौकोन भरला. सलग चौदा महिने रक्ताची खूण नाही.

गावी परतल्यावर वडिलांना हे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहा तुम्ही. नाव घालू नका, पण लिहा. आमचं एक वर्ष लाजेत गेलं, दुसऱ्याचं जाऊ नये."

म्हणून लिहिले आहे.

आपल्या घरात, भावकीत, टोळीच्या कोप्यावर असा कुणी पोट धरून गप्प बसला असेल, तर हे पान त्याला वाचून दाखवावे, ही विनंती.

— संपादक मंडळ